तेलुगू रकान्यातली पाचर

आम्हाला ज्या इमारतीत ठेवलं होतं, तिथे पूर्वी रेशीम प्रशिक्षण केंद्र होतं. केंद्र कधीच बंद पडलं होतं, पण किड्यांच्या बांबूच्या चाळण्या अजून एका खोलीत रचलेल्या होत्या आणि वाळलेल्या तुतीच्या पानांचा वास जायला तयार नव्हता. खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवलेला. फाटकाला आतून एक कुलूप आणि बाहेरून एक. आतल्याची किल्ली आमच्या प्रमुख इंदुमती मॅडमकडे, बाहेरची पोलिसांकडे.

निवासी डिग्री कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा पेपर काढायला आम्ही आत गेलो होतो. त्या कॉलेजांत राहणं, जेवणं, पुस्तकं सगळं फुकट, त्यामुळे गोदावरीच्या दोन्ही काठांवरची गावं या परीक्षेकडे डोळे लावून असायची. पेपर काढणारे, भाषांतर करणारे, छापणारे, सगळे एकदा आत गेले की परीक्षेची घंटा होईपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही. फोन नाही, पत्र नाही, रेडिओ नाही. बाहेरची बातमी आत नाही, आतली बाहेर नाही. भाजीची टोपली आली की फाटकावरचा कॉन्स्टेबल टोमॅटोभोवतीचा वर्तमानपत्राचा कागदसुद्धा सोडवून ठेवून घ्यायचा. एकदा चुकून वांग्यांबरोबर अर्धं पान आत आलं. ते आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं, निविदांच्या जाहिरातींसकट वाचलं.

मला या कामाला का बोलावलं असेल, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नव्हतं. मी जन्मभर अमलापुरमच्या ज्युनियर कॉलेजात तेलुगू माध्यमाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण भाषांतराला कोणी मिळत नव्हतं असं दिसतं. पानाच्या डाव्या रकान्यात प्रश्न इंग्रजीत, उजव्या रकान्यात तोच तेलुगूत. रसायनाचा तेलुगू रकाना माझ्याकडे होता.

प्रश्न काढायचे डॉ. किरीटी. तिशीतले, विद्यापीठात शिकवणारे, हुशार आणि ते स्वतःला ठाऊक असलेले. वडील रेल्वेत असल्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण खरगपूरच्या रेल्वे शाळेत झालेलं. तेलुगू फर्डं बोलायचे, पण वाचायची वेळ आली की एकेक अक्षर लावत बसायचे. म्हणून तेलुगू रकान्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. "तो तुमचा प्रांत, मास्टारू," म्हणायचे. आमच्याकडे शिक्षकाला मास्टारू म्हणतात. माझं नाव तिथे कोणी वापरलंच नाही, आणि मलाही ते बरं वाटलं.

किरीटींची बायको तणुकूला माहेरी होती. पहिलटकरीण, दिवस अगदी भरत आलेले. आत येताना त्यांनी हिशेब केला होता की परीक्षा होईल, फाटक उघडेल आणि तणुकूची बस पकडून ते वेळेत पोहोचतील. पण तिसऱ्या आठवड्यात तो हिशेब त्यांना स्वतःलाच पटेनासा झाला. जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायचे.

"मास्टारू, बाळ लवकरही येतं ना कधी?"

"येतं म्हणतात," मी म्हणायचो. मला यातलं काय कळतं? बायको गेल्याला वर्षं झाली, मूलबाळ नव्हतंच.

आता तो प्रश्न सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो. मुलांना मी असंच सांगत असे, आणि काहींना समजत असे.

सहा कोपऱ्यांचं एक कडं घ्या. एका कोपऱ्यावर क्लोरीन बसलेला आहे. त्याच्या शेजारच्या कोपऱ्यावर मिथिल नावाचा एक गट. आता यात तीव्र अल्कली घालून तापवलं की क्लोरीन कडं सोडून निघतो. जाताना एकटा जात नाही. शेजारच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रोजनही निघतो. दोघं गेले की त्या दोन कोपऱ्यांमध्ये दुहेरी बंध होतो आणि कड्याचं अल्कीन बनतं. क्लोरीनला शेजारी दोन. एकीकडे मिथिलचा गजबजलेला कोपरा, दुसरीकडे मोकळा. हायड्रोजन कुठल्या कोपऱ्यावरून जाईल? झायत्सेफचा नियम सांगतो, गजबजलेल्या. मुलं एवढं पाठ करतात आणि ठोकून देतात.

पण आणखी एक अट आहे, आणि ती मुलं विसरतात. क्लोरीन कड्याच्या वरच्या अंगाला असेल, तर जाणारा हायड्रोजन खालच्या अंगाला असावा लागतो. दोघं एकाच अंगाला असतील तर तो रस्ता बंद. मिथिल खाली असेल तर त्या कोपऱ्यावरचा हायड्रोजन आपोआप वर येतो, म्हणजे क्लोरीनच्याच अंगाला. मग नियम काहीही म्हणो, दुहेरी बंध दुसऱ्या बाजूला, मोकळ्या कोपऱ्याकडेच होणार.

वर आणि खाली हे कागदावर दाखवायची रीत आहे. वरच्या अंगाचा गट भरीव काळ्या पाचरीनं जोडतात, खालच्या अंगाचा बारीक आडव्या रेघांच्या पाचरीनं. किरीटींच्या प्रश्नात क्लोरीनला भरीव पाचर होती, मिथिलला रेघांची. शब्दांत कुठेही वर-खाली लिहिलं नव्हतं. जे काय ते पाचरींत. उत्तर तीन क्रमांकाचं. झायत्सेफच्या मागे डोळे मिटून जाणारा मुलगा दोन क्रमांकावर खूण करणार. चांगला प्रश्न होता. मला असा कधी सुचला नसता.

पहिलं प्रूफ हातात आलं आणि मी घाबरलो. तेलुगू रकान्यातलं कडं उलटं होतं. इंग्रजीत क्लोरीन उजवीकडे, तेलुगूत डावीकडे. छपाईचं सगळं सत्तिबाबू नावाच्या माणसाकडे होतं. त्याला विचारलं तर तो खूश होऊन म्हणाला, "शोभेसाठी हो, मास्टारू! दोन्ही चित्रं समोरासमोर. देवळाच्या दारावर हत्ती असतात ना, तशी."

आरशातली प्रतिमा म्हणजे वेगळा पदार्थ, हे मी आयुष्यभर शिकवलेलं. मी थेट इंदुमती मॅडमच्या खोलीत गेलो आणि छपाई थांबवा म्हणालो. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या. त्यांनी सगळ्यांना बोलावलं. किरीटी आले, आकृती बघितली आणि हसू दाबत त्यांनी एक हात वर, एक खाली केला.

"मास्टारू, हा क्लोरीन, हे मिथिल. आता मी आरशासमोर उभा राहतो. डावं-उजवं बदलेल. पण वरचा हात खाली येतो का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग विरुद्ध आहेत ते विरुद्धच राहतात. पदार्थ आरशातला, उत्तर तेच. तीन."

"मी तर रोज आरशात बघतो," सत्तिबाबू म्हणाला. "डोक्यावर उभा कधी दिसलो नाही."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्यानंतर भातात खडा लागला तरी कोणीतरी म्हणायचं, "मास्टारूंना विचारा, आरशातला आहे का." मीही हसायचो. पण आतून इतका खचलो की पुढची सगळी प्रूफं वाचताना कुठे शंका आली तरी आधी स्वतःलाच गप्प करत असे. इतकं साधं जो विसरतो, त्यानं दुसऱ्यांच्या चुका काय काढाव्यात?

परीक्षेचा आदला दिवस उजाडला. पुस्तिका छापून, गठ्ठे बांधून, लाखेनं मोहोरबंद होऊन हॉलमध्ये लागल्या होत्या. सूर्य मावळताना पोलिसांची गाडी येऊन त्या नेणार होती. दुपारी एकच काम होतं, रद्दी जाळायचं. खराब निघालेला प्रत्येक कागद सगळ्यांसमोर जाळायचा आणि मग सगळ्यांनी सही करायची, अशी पद्धत. अंगणात डांबराचं रिकामं पिंप ठेवलं होतं. वैशाखातलं ऊन आणि वर ही आग. सत्तिबाबू पानं टाकत होता, मी गठ्ठ्यातून काढून त्याच्या हातात देत होतो. किरीटी आत बॅग भरत होते. त्यांनी उद्यासाठी एक शर्ट धुऊन, तांब्यात निखारे घालून त्याची इस्त्री केली होती.

एक पान हातात आलं आणि माझा हात थांबला. तेच कडं. इंग्रजी रकान्यात ठीक होतं. तेलुगू रकान्यात मिथिलची पाचर मला काळी दिसली. भरीव.

"सत्तिबाबू, हे पान शाई पसरली म्हणून बाद केलंत ना?"

"कुठं शाई पसरली? कोपरा दुमडलाय बघा. म्हणून बाद."

"मग ही आकृती?"

"सगळीकडे तशीच. तुमची तेलुगू वाक्यं लांबच लांब, मास्टारू. रकान्यात मावेनात. मी चित्र जरा बारीक केलं. द्या इकडे."

मी दिलं नाही. का दिलं नाही, हे धैर्य वगैरे नव्हतं. हात पुढे झालाच नाही. त्यानं पिंपातली राख काठीनं ढवळायला पाठ फिरवली तेव्हा मी ते पान चौपदरी करून शर्टाच्या आत सरकवलं. आयुष्यात मी ग्रंथालयाचं पुस्तकही उशिरा परत केलं नव्हतं. रद्दी पूर्ण जाळल्याच्या कागदावर इतरांच्या खाली मी सही केली तेव्हा ते पान पोटाला घामानं चिकटलं होतं.

खोलीत आल्यावर दार लावून पाहिलं. आधी चांगल्या डोळ्यानं, मग दोन्ही डोळ्यांनी, मग चष्मा उलटा धरून. संगणकाच्या पडद्यावर रेघा स्पष्ट होत्या, प्रूफातही होत्या. आकृती लहान झाल्यावर रेघा एकमेकींजवळ आल्या आणि छपाईच्या डुप्लिकेटर यंत्राच्या शाईनं मधल्या फटी भरून टाकल्या. भरीव पाचर. म्हणजे मिथिल वर. म्हणजे हायड्रोजन खाली, क्लोरीनच्या विरुद्ध. म्हणजे गजबजलेल्या कोपऱ्याचा रस्ता उघडा. तेलुगू रकान्यातलं कडं वेगळं, त्याचं उत्तर दोन. आणि ज्या मुलाला अट पक्की ठाऊक आहे तोच मुलगा दोनवर खूण करणार आणि चुकणार.

की मला तसं दिसतंय? मोतीबिंदूचा डोळा रेघा एकत्र करतो. पुन्हा आरसा झाला तर? मी खाटेवर बसून राहिलो. तपकिरी कागदातून ऊन येत होतं आणि खोली चहात बुडवल्यासारखी दिसत होती. बोललो आणि खरं निघालं तर पुस्तिका बाद. मग प्रश्नांचा राखीव संच छापायचा, परीक्षा पुढे ढकलायची, आणि तोवर कोणी बाहेर जायचं नाही. म्हणजे किरीटींचा तो शर्ट दोरीवरच. गप्प राहिलो तर उद्या सकाळी फाटक उघडेल.

मी किरीटींच्या खोलीत गेलो. ते बॅगेची चेन ओढत होते.

"या, मास्टारू! बघा, किती जड झालीये. आत येताना हलकी होती. तुमच्या आवकाय लोणच्याची बरणी यात बसतेय का बघतो. बायकोला आंबट हवं असतं."

"एक प्रश्न सोडवता का?" मी विचारलं.

"आता? पेपर संपला की!"

मी पान उलगडलं. ते बघून त्यांचे डोळे मोठे झाले. "हे रद्दीतून बाहेर कसं? मास्टारू, तुम्ही? कागद चोरलात?" आणि ते खरंच हसले. "मी हे नातवंडांना सांगणार."

मी इंग्रजी रकान्यावर तळहात ठेवला. "हे एवढंच बघा. मुख्य अल्कीन कोणतं?"

"हे काय, तेलुगू? बरं." त्यांनी शब्द वाचलेच नाहीत, आकृती पाहिली. "दोन्ही वर. मग मिथिलच्या कोपऱ्यावरचा हायड्रोजन खाली. विरुद्ध. सरळ झायत्सेफ. पर्याय दोन. यात काय विचारायचं?"

मी हात काढला.

त्यांनी डावीकडची आकृती पाहिली. मग उजवीकडची. मग पान खिडकीशी नेऊन कागदाच्या फटीतून येणाऱ्या उन्हात धरलं. बराच वेळ धरलं. खाली बसले तेव्हा पान हातातच होतं.

"सगळ्या पुस्तिकांत?"

"सत्तिबाबू म्हणतो, सगळ्यांत."

"पहिल्या पानावर सूचना आहे," ते घाईनं म्हणाले. "दोन रकान्यांत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य. झालं तर. नियमात बसतंय."

"इंग्रजी रकाना ती पोरं बघतच नाहीत."

"आकृती बघायला इंग्रजी कशाला यायला हवं? समोरच तर आहे."

मी ते पान त्यांच्या हातातून घेतलं आणि मधोमध उभं दुमडलं. इंग्रजी आत, तेलुगू बाहेर. "तेलुगू माध्यमाची पोरं पेपर हातात आला की पहिलं हे करतात. मी करायचो. माझे सगळे विद्यार्थी करतात. दोन भाषा शेजारी असल्या की डोळे भरकटतात म्हणून. तीन तास ते कागद असाच धरून सोडवतात. ती दुसरी आकृती त्यांना दिसणारच नाही."

किरीटींना हे माहीत नव्हतं. खरगपूरच्या शाळेत पेपर एकाच भाषेत यायचा.

"एक मार्क," ते म्हणाले. "एका मार्कानं काय होतं?"

ते स्वतःही पेपर काढणारे होते. निवडीच्या यादीत एका मार्कावर किती पोरं खोळंबलेली असतात हे त्यांना ठाऊक होतं.

"परवा सांगा," ते एकदम म्हणाले. आवाज उतरला होता. "परीक्षा होऊ द्या. परवा सांगा. दोन आणि तीन, दोन्ही बरोबर धरू. मी स्वतः सही करतो. फक्त आज नको, मास्टारू."

"मग इंग्रजीतला जो अट विसरला त्यालाही मार्क मिळेल."

"मिळू दे की!" ते उठले. "तुमचं काय जातंय? तुम्हाला बाहेर काय आहे? कपाटातली पुस्तकं वाट बघतायत तुमची. ती कुठे पळून जात नाहीत. माझी बायको तिथं..."

ते खरंच होतं. मला बाहेर कोणी नव्हतं. माझ्यासाठी आतली खोली आणि घरची खोली यांत फक्त खिडकीच्या कागदाचा फरक. ज्याला काही गमावायचं नाही त्यानं खरं बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणं, असं मला वाटलं आणि मी तिथून निघालो.

मी मॅडमच्या दारापर्यंत गेलो. परत आलो. पाणी प्यायलो. पुन्हा गेलो. बाहेर गाडीचा आवाज आला का म्हणून कान टवकारले. एकदा वाटलं, गाडी आलीच तर बरं. मग माझ्या हातात काही राहणार नाही. असा विचार केल्याची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरातच मी दार वाजवलं.

मॅडम मोहोरबंद गठ्ठ्यांची संख्या ताडून बघत होत्या. मी पान पुढे केलं आणि जे काही सांगायचं होतं ते एका दमात, उलटसुलट, नको तिथे थांबत सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा थकत गेला.

"मास्टारू, हा पुन्हा आरसा तर नाही ना?"

"नसावा," मी म्हणालो. त्या क्षणी यापेक्षा ठाम शब्द मला सापडला नाही.

"नसावा? नसावावर मी परीक्षा थांबवू?" त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली. "किरीटी! किरीटीगारू, जरा इकडे या."

ते आले. इस्त्रीचा शर्ट त्यांनी अंगात घालून पाहिला असावा. वरची बटणं उघडी होती.

"मास्टारू म्हणतात पाचर काळी झाली आणि उत्तर बदललं. मला हे वर-खाली कळत नाही. तुम्ही सांगा. मागच्यासारखंच काही आहे का?"

मागच्यासारखंच आहे, एवढंच किरीटींनी म्हणायची गरज होती. दोन शब्द. सगळे हसले असते. मीसुद्धा हसलो असतो आणि मनात मान्य केलं असतं की माझे डोळे गेले. मी किरीटींकडे पाहिलं नाही. त्यांच्या चपलांकडे पाहत राहिलो. बाहेर कॉन्स्टेबल कोणाला तरी मजिगा, म्हणजे ताक, आणायला सांगत होता.

"मॅडम," किरीटी म्हणाले, "मला मास्टारूंनी तेलुगूची आकृती दाखवली. मी दोन म्हणालो."

"मग?"

"उत्तरांच्या किल्लीत तीन आहे. मीच लिहिलेलं."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "केंद्रांवर कळवलं तर? फळ्यावर आकृती काढा म्हणून?"

"प्रत्येक केंद्रावर पाचर ओळखणारा माणूस कुठून आणणार?" किरीटी म्हणाले. "कोणी उलटी काढली तर आणखी घोळ." ते हळू, सपाट बोलत होते, जणू दुसऱ्या कोणाची केस मांडताहेत. "आणि दोन्ही उत्तरं धरली तर कोणीतरी कोर्टात जाईल. गेल्या वर्षी यादी अडकलीच होती. राखीव संच काढा, मॅडम."

"राखीव म्हणजे निदान आठवडा."

"हो."

"तुम्हाला निरोप पाठवता येणार नाही. एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. माझी आईसुद्धा घरी एकटी आहे, किरीटी."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि शर्टाची बटणं लावत बाहेर गेले. मग आता कुठे जायचं नाही हे बहुधा ध्यानात आलं असावं, कारण व्हरांड्यात थांबून त्यांनी ती पुन्हा काढली.

गाडी आली ती रिकामी परत गेली. मॅडमनी लाखेच्या मोहोरा फोडल्या. पिंप पुन्हा पेटवलं, आणि या वेळी त्यात रद्दी नव्हती. सत्तिबाबू पुस्तिका टाकत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. "हत्ती नको, काही नको," तो आगीला सांगत होता. "शोभाच नको आता कशाची." बाहेरचं कुलूप पोलिसांनी हलवून पाहिल्याचा आवाज आला.

त्यानंतर किरीटी माझ्याशी बोलेनासे झाले. रागावलेले होते असंही म्हणता येणार नाही. पंगतीत पप्पूचं, म्हणजे वरणाचं, भांडं माझ्याकडे सरकवायचे, मीठ द्यायचे. बोलायचे मात्र नाहीत. जेवण झालं की फाटकापाशी जाऊन उभे राहायचे आणि पत्र्याला कान लावायचे, जणू तणुकूहून आवाज येणार होता. एकदा कॉन्स्टेबलनं बाहेरून विचारलं, "कोण आहे?" तर म्हणाले, "कोणी नाही."

मी मात्र रोज त्या दुपारकडे परत जात असे. पान शर्टात सरकवलं नसतं तर. सत्तिबाबूच्या हाती दिलं असतं तर. ते बाळ या घटकेला आलं असेल, आणि बापाला ते ठाऊक नसेल, आणि हे सगळं आडव्या चार रेघांपायी. दुसरीकडे राजोलकडची, मुम्मिडिवरमकडची ती पोरं, कागद उभा दुमडून धरणारी. त्यांची तोंडं मला स्पष्ट दिसत. किरीटींच्या बायकोचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. कदाचित म्हणूनच मला सोपं गेलं असेल. मी बरोबर केलं की नाही, याचं उत्तर मला कुठल्याही रकान्यात सापडलं नाही.

राखीव संचाचं प्रूफ आलं तेव्हा मी जेवणाच्या मोठ्या टेबलावर भिंग घेऊन बसलो होतो. सत्तिबाबूनं आकृत्या आता भल्यामोठ्या केल्या होत्या. मीही वाक्यं कापून आखूड केली होती. रसायनाच्या पानावर पुन्हा एक कडं होतं, पुन्हा दोन पाचरी. भिंग त्यांच्यावर नेलं. रेघा मोकळ्या होत्या. तरी खात्री होईना. पुन्हा नेलं.

समोरची खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. किरीटी बसले. दाढी वाढलेली होती. अंगात तोच शर्ट, आता चुरगळलेला. आमच्याकडे बाळाचं बारसं अकराव्या नाहीतर एकविसाव्या दिवशी करतात. ते बोटांवर काहीतरी मोजत होते आणि मोजणं मध्येच सोडून देत होते, कारण कुठून मोजायला सुरुवात करायची हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी हात लांब करून माझ्या पुढ्यातलं प्रूफ ओढून घेतलं. मला वाटलं, पाचरी बघतील. त्यांनी कागद मधोमध उभा दुमडला. इंग्रजी आत, तेलुगू बाहेर. अंगठ्याच्या नखानं घडी दाबली. पेन्सिल काढली आणि पहिल्या प्रश्नाखाली बोट ठेवून शाळेतल्या पोरासारखं ओठ हलवत एकेक अक्षर लावायला सुरुवात केली.

बराच वेळ गेला. फाटकाकडून भाजीच्या टोपलीचा, कागद फाडल्याचा आवाज आला. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्टारू," ते म्हणाले, "हे अक्षर कोणतं?"

मी उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसलो.